अंथरूण दाखवलंय का?

"मॅडम, घरात पैशांची ओढाताण आहे, हे मुलांना सांगावं का?"

जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकांच्या निमित्ताने, दसरा-दिवाळीच्या तोंडावर टीव्ही, फ्रिज, मोबाइलच्या निमित्ताने हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक आईवडिलांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. नाही सांगायचं, पोरांच्या डोक्याला कशाला ताप? त्यांना मी एका घराची हकिकत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

शुभांगीताई नाशिकच्या सिडकोत राहतात. नवरा अंबड एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. त्या घरी ब्लाऊज शिवतात. तक्रार होती ती नववीतल्या मुलाची.

"वेदांत सारखं काहीतरी मागत असतो. आधी मोबाइल, मग मोठा टीव्ही, आता गिअरची सायकल. नाही म्हटलं की दोन-दोन दिवस अबोला. तुम्ही समजवा त्याला. पैशाची किंमत कळू दे जरा."

"मागितलेलं मिळतं का त्याला?"

"मिळतं ना. हप्त्यावर घेतो."

"आणि सायकल?"

त्या गप्प झाल्या. मग हळूहळू बाहेर आलं. आठ महिन्यांपासून कारखान्यात ओव्हरटाइम बंद होता. हातात येणारे 41 हजार आता 31 हजारांवर आले होते. शिलाई मशीनची मोटर अडखळत होती, पण दुरुस्ती पुढे ढकलणं चालू होतं.

"वेदांतला हे माहीत आहे?"

"छे! त्याच्यासमोर पैशाचा विषयच काढत नाही आम्ही. बँकेचा फोन आला तर मी गॅलरीत जाते."

पुढच्या दोन भेटींत मी मुलाचं नावही काढलं नाही, त्यांच्या लहानपणाविषयी विचारलं. सिन्नर तालुक्यातलं कोरडवाहू रान, पाच भावंडं. सहावीत शाळेची सहल जायची होती. वडिलांनी गुरुजींसमोरच सांगून टाकलं, "आमच्याकडं नाहीत पैसे." ते सांगताना पंचेचाळिशीच्या बाईचा आवाज सहावीतल्या मुलीचा झाला. मग म्हणाल्या, "तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलाला कधीच काही कमी पडता कामा नये."

ते वाक्य मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं आणि 'कधीच'मधल्या 'च'भोवती गोल काढला. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीत घडले आहे. माणसाला परिस्थिती छळते, पण त्याहून जास्त छळतो तो मनात धरलेला हट्ट, हे मला रोजच्या कामात दिसतं. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. मुलाला चांगलं मिळावं ही इच्छा आहे, मिळालंच पाहिजे हा हट्ट. इच्छा असलेला माणूस आधी पैसे मोजून बघतो, हट्टाला पेटलेला हप्ता काढून मोकळा होतो. शुभांगीताई बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या.

तरी गाठ सुटली नव्हती. ती सुटली वेदांत एकटा भेटायला आला तेव्हा.

सायकल कशाला हवी, यावर त्याने नुसते खांदे उडवले. मित्रांकडे आहे का? दोघांकडे आहे, पण तेही फारशी चालवत नाहीत. मग एकदम म्हणाला, "मागच्या महिन्यात घराचा हप्ता बाउन्स झाला."

"तुला कुणी सांगितलं?"

"मेसेज येतो ना. आईच्या मोबाइलवरचे मेसेज मीच वाचून दाखवतो तिला. तो नाही दाखवला."

"हे माहीत असूनही सायकल मागितलीस?"

इथे मोठ्या माणसाच्या तोंडून उपदेश निसटतो. माझ्याही ओठांवर आला होता, पण इतक्या वर्षांच्या कामाने मला थांबायला शिकवलंय. मी थांबले. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "हो म्हणाले असते तर कळलं असतं ना, की एवढं काही झालेलं नाहीये."

हे वाक्य मी त्या दिवसापासून विसरलेले नाही. आईबाप ज्याला हावरा समजत होते, ते पोरगं सायकलच्या आडून घराची तब्येत विचारत होतं. सरळ विचारायची सोय नव्हती, कारण विषय निघाला की गॅलरीचं दार लागायचं. प्रत्येक 'हो' मिळाला की त्याला दोन दिवस शांत झोप लागायची. आईबाप तो 'हो' कर्ज काढून देत होते आणि आईने न वाचलेला मेसेज तो पोटात घेऊन फिरत होता. दोन्हीकडून नुसती माया होती.

त्याच्या परवानगीने मी हे त्याच्या आईवडिलांना सांगितलं. वडील डोळे पुसत म्हणाले, "आम्हाला वाटायचं, लपवून आपण त्याला सांभाळतोय."

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' असं आपण मुलांना उठता-बसता ऐकवतो. पण अंथरूण कपाटात कुलपात ठेवून पाय आखडायला सांगितलं, तर त्यांना लांबी कळणार कशी?

पुढच्या भेटीत तिघे घरातल्या कालनिर्णयचं जुनं पान घेऊन आले. त्यावरच्या मोकळ्या जागेत वेदांतने आकडे लिहिले. पगार 31 हजार, शिलाईचे 5 हजार. घराचा हप्ता 13,400, टीव्हीचा 3,150, मोबाइलचा 1,900, क्लास 3 हजार, किराणा-दूध 9 हजार, लाइट-गॅस-मेंटेनन्स 3,200, गावी आजीला 2 हजार, पेट्रोल 2 हजार. बेरीज 37,650. महिन्याला 1,650 कमी पडत होते. आकडा बघून वेदांतचा चेहरा उजळला. "एवढेच? माझ्या मोबाइलचे तीनच हप्ते राहिलेत. ते संपले की उलट अडीचशे उरतील." तीन महिने शुभांगीताईंच्या भिशीवर निभणार होते. आठ महिने ज्या अंधाराला तिघं भीत होती, तो एवढा होता. सगळ्या घरांत इतकं सोपं निघत नाही, हे मी जाणते. पण आकडा कितीही मोठा असो, दिसला की त्याच्याशी बोलता येतं.

म्हणून माझं उत्तर 'सांगा' असंच आहे. मात्र कसं सांगायचं, याला महत्त्व आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला "या महिन्यात खेळणं नाही, पुढच्या महिन्यात बघू" एवढं पुरतं. बारा-तेराच्या पुढे आकडे दाखवावेत. अडचण सांगाल तेव्हा आपण काय करणार आहोत तेही त्याच दमात सांगा, नाहीतर मूल नुसती भीती घेऊन उठतं. "पैसे काय झाडाला लागतात?" हे वाक्य कायमचं सोडा, त्याने मुलाला फक्त मागण्याची लाज वाटते. आणि नवरा-बायकोच्या पैशांच्या भांडणात मुलाला पंच करू नका. त्याला हिशेब कळावा, ओझं तुमच्याच खांद्यावर राहावं.

खरेदीचंही सांगते. साडेतीन मुहूर्त दर वर्षी येतात, एखादा हुकला तर काही बिघडत नाही. वेदांतचे वडील टीव्हीबद्दल ठामपणे म्हणत होते, "झिरो टक्के होता, मॅडम." शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. ते व्याज कधी प्रोसेसिंग फीमध्ये असतं, कधी सोडून दिलेल्या रोख सवलतीत. म्हणून दुकानात आधी विचारा, "रोख दिले तर कितीला?" कर्ज घ्यायचंच ठरलं तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ (रिटेल) कर्जांसाठी ते देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो, आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. हे काम मुलाला सोबत घेऊन करा. नववीतल्या पोराला चक्रवाढ व्याज शिकायला याहून चांगला क्लास नाही.

त्या वर्षी दसऱ्याला शुभांगीताईंचा फोन आला. सायकल घेतली नव्हती. वेदांतने वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून चौदाशे रुपये काढून मशीनची मोटर दुरुस्त करून आणली होती. त्यांनी आधी नको म्हटलं होतं. मग वडील म्हणाले, घेऊ, पण उधार म्हणून. कालनिर्णयच्या पानावर आता 'वेदांतचे देणे : 1,400' अशी ओळ आहे. दिवाळीची गिऱ्हाइकी सुरू झाल्यावर दर शनिवारी दोनशे फेडायचे ठरलंय. फोनवर मागे मशीनचा आवाज येत होता. पूजेपुरतीही ती थांबवली नव्हती का, असं मी विचारलं. "पूजा झाली सकाळीच," त्या म्हणाल्या, "झेंडूचा हार त्यानेच घातला."