ओळखपत्र असूनही यादीत नाव नाही; पक्षात न जाता गावासाठी काय करता येईल?

तुम्ही विचारले आहे की, माण तालुक्यातील तुमच्या गावात ओळखपत्र असूनही यादीत नाव नसल्यामुळे काही जण मतदान न करताच परतले, तर कोणत्याही पक्षात न जाता तुम्ही तीन-चार मित्र यावर काय करू शकता. सातारा जिल्ह्यात मी स्वयंसेवक म्हणून हेच काम करतो आणि माझे मत असे आहे की, निवडणुकीच्या तोंडावर जनजागृती फेऱ्या काढण्यापेक्षा निवडणूक दूर असताना प्रत्येक वाडी-वस्तीवर मतदार यादीचे चावडी वाचन करावे.

ओळखपत्राने ओळख पटते, पण मताचा हक्क यादीतील नावामुळे मिळतो. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की ती मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, पाहता येते. तिचे घरागणिक मोठ्याने वाचन केले की मृतांची राहिलेली नावे, माहेरच्याच यादीत अडकलेल्या सुना आणि अठरा पूर्ण होऊनही न नोंदवलेली मुले लगेच ध्यानात येतात. नव्या नावासाठी नमुना 6, वगळण्यासाठी 7, आणि दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी 8 भरावा. सुनेचे नाव माहेरच्या यादीत असेल तर पुन्हा 6 भरू नये. नोंदणीसाठी आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर असे वर्षाला चार अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात ते दिवस, आहेत. गावभराचे अर्ज गोळा करून गठ्ठ्याने देऊ नका, ते स्वीकारले जात नाहीत; प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा अर्ज भरायला मदत करा.

सर्वांत नाजूक प्रश्न बाहेरगावी गेलेल्यांचा असतो. जत-माणकडील ऊसतोड कुटुंबे हंगामात घराला कुलूप लावून जातात, म्हणून कोणी त्यांची नावे काढायला सांगितले तर ठामपणे विरोध करा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 20 नुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे सर्वसाधारण निवास संपत नाही. मात्र त्याच कलमानुसार गावात केवळ घर मालकीचे असणेही पुरेसे नाही. त्यामुळे मुंबईत कायमचे स्थायिक झालेल्या माथाडी कामगाराने किंवा परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात स्थिरावलेल्या खानापूर-आटपाडीकडील माणसाने, गावाशी माया कितीही असली, तरी जिथे राहतो तिथेच नाव ठेवावे. हे त्यांना समजावून सांगा, पण विरोधी गटाची घरे निवडून नमुना 7 भरण्याच्या उद्योगात कोणी तुम्हाला ओढू लागले तर त्यापासून दूर राहा. खोट्या निवेदनाला कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि गावाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीसाठीही विधानसभेचीच यादी विभागून वापरली जाते. त्या निवडणुका जाहीर झाल्यावर मूळ यादीत नसलेले नाव तिथे नव्याने घालता येत नाही, म्हणून वेळेला इतके महत्त्व आहे.

यासोबत ग्रामसभेकडेही लक्ष द्या. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. अशा काळात प्रश्न विचारण्यासाठी ग्रामसभा हीच हक्काची जागा उरते. वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत आणि गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. यादी वाचनाला जमलेली माणसेच तिथे नेता आली तर गणपूर्तीअभावी सभा तहकूब होण्याचे प्रकार बरेच कमी होतील. महिला ग्रामसभा आधी होते. सुनांच्या नावांचा विषय तिथे घ्या.

एवढे करूनही अर्ज नाकारला गेला, तर लेखी आदेशाची प्रत मागून घ्या. त्यावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते.