जनुक सापडल्यानंतरचं काम

प्रिय,

पीएचडीला रेणवीय आनुवंशिकी घ्यावी की हॉर्मोन्सचं शास्त्र, असं तू विचारलंस. माझं मत, दोन्हींच्या सीमेवर काम कर. पण आधी मोजायला शीक. डीएनएचा क्रम वाचून घेणं आता बाहेरूनही होतं, फाइल आयती हातात येते. रक्तातलं हॉर्मोन नीट मोजणं मात्र हात बसल्याशिवाय जमत नाही.

उदाहरण देते. सीवायपी२१ए२ या जनुकात बिघाड झाला की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल हे हॉर्मोन पुरेसं बनवता येत नाही. आता गंमत अशी की याच्या शेजारीच त्याचा एक निकामी जुळा बसलेला असतो आणि दोघांचे एक्झॉन, म्हणजे प्रथिनाचा संकेत असलेले तुकडे, सुमारे ९८ टक्के सारखे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवण्याची पद्धत, तिचा प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारा छोटा तुकडा) आंधळेपणाने निवडला तर जुळ्याचाही डीएनए वाढतो, त्याचे दोष रुग्णाच्या माथी येतात आणि निरोगी माणूस कागदावर आजारी ठरतो. जुळ्याच्या तिसऱ्या एक्झॉनमध्ये डीएनएची ८ अक्षरं गायब आहेत. प्रायमर नेमका तिथे बसवला की दोघं वेगळे काढता येतात. तरीही कॉर्टिसॉल बनेना की रक्तात साचणारं १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन किती आहे हे बघितल्याशिवाय निदानावर सही करू नये. त्यातही मेख आहेच: अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते आजार नसतानाही वाढलेलं दिसतं. म्हणून रक्ताच्या नळीवर नावाबरोबर वेळ आणि बाळ किती दिवस भरून जन्मलं ते लिहायची सवय लाव. कंटाळवाणं वाटेल, पण निम्मं शास्त्र त्या लेबलावर असतं.

हॉर्मोन मोजण्याची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांची. टोचलेल्या इन्सुलिनविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं, हे त्यांनी दाखवलं तेव्हा कोणी मानेना. लेख परत आला. शेवटी १९५६ मध्ये छापून आला, तोही शीर्षकातला 'अँटिबॉडी' शब्द काढल्यावर. त्याच अँटिबॉडीचा उपयोग करून पद्धत उभी राहिली. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळालं, तेव्हा बर्सन हयात नव्हते. लेख नाकारल्याचं ते पत्र यॅलो यांनी नोबेल व्याख्यानात दाखवलं. मला हे फार आवडतं.

धीराचं म्हणशील तर डग्लस कोलमन यांच्याकडे बघ. जन्मतः लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण त्यांनी जोडलं, तर लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. दुसऱ्या एका लठ्ठ जातीच्या उंदराला जोडल्यावर मात्र साधा उंदीरच उपाशी मेला. पहिल्याकडे भूक आवरणारा संदेश नाही आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही, असा तर्क त्यांनी १९७० च्या दशकातच मांडला. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक १९९४ मध्ये सापडलं आणि हॉर्मोनला लेप्टिन नाव मिळालं. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मुलांना ते टोचल्यावर भूक आटोक्यात आली. बाकीच्या बहुतेक लठ्ठ माणसांत ते मुळातच भरपूर असतं, त्यामुळे वजन उतरवण्याचं औषध म्हणून त्याचा बोभाटा झाला तेवढा उपयोग झाला नाही.

जनुकाचं काम कळल्याने उपचार बदलतो तो कसा, हे नवजात मधुमेहात बघ. केसीएनजे११ या जनुकातल्या दोषामुळे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरचा पोटॅशियमचा दरवाजा उघडाच राहतो आणि इन्सुलिन बाहेर पडत नाही. हा दोष २००४ मध्ये कळला. तो दरवाजा बंद करणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या बाजारात आधीपासून होत्याच. २००६ च्या अभ्यासात ४९ पैकी ४४ रुग्णांचं इन्सुलिन बंद झालं. दरवाज्याचं काम आधी कोणीतरी चिकाटीने तपासलं होतं, म्हणूनच गोळी सुचली.

प्रबंधासाठी म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलांची, लांबलचक यादी देऊ करणारा गाइड भेटेल. मोह पडेल, लेखही लवकर होतील. तू त्यातलं एकच म्युटेशन घे, पेशीत घालून बघ, हॉर्मोन मोज. आणि गाइडला पहिल्याच भेटीत विचार, मागच्या विद्यार्थ्यांनी शोधलेल्यांपैकी किती म्युटेशन पेशीत तपासली गेली, आणि ज्या घरांतून रक्त घेतलं त्यांना निकाल कोण कळवतं. यावर सरळ उत्तर आलं नाही, तर दुसरी प्रयोगशाळा बघ.

तुझी,
ताई