ताओ पो! फिलिपिन्सला निघालेल्या मुलीस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. "हिला कॉल आलाय, फिलिपिन्सचा," एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ दळण, पाऊस, गॅसचं सिलिंडर असलं काहीबाही बोलत राहिली. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. तिच्याशी मी समोर बसूनच बोलेन. तुला मात्र आधी लिहिते, कारण तू समोर असलीस की 'हो मावशी, हो मावशी' करतेस आणि निम्मं कानावरून जातं.

असा कॉल, म्हणजे आपल्या मॉर्मन चर्चकडून मिशनरी कामाचं बोलावणं, मलाही आला होता. मी २००५ साली त्याच देशात गेले होते, १८ महिन्यांसाठी. मुलांना २४ महिने असतात, आपल्याला १८. पगार नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाटाला आणि घरी पत्र लिहायला. छातीवर काळी पाटी, तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. तुझ्या आजीनं बारशाला ठेवलेलं नाव दीड वर्ष कुणाच्या तोंडी येणार नाही, सगळे 'सिस्टर' लावून आडनावानंच हाक मारतील. मला त्याचा सुरुवातीला फार त्रास झाला. आंघोळ करताना मी हळूच स्वतःला नावानं हाक मारायचे. तुलाही तसं करावंसं वाटलं तर खुशाल कर.

तिथे दाराची बेल वाजवायची पद्धत कमी. फाटकाशी उभं राहून हाक घालायची, "ताओ पो!" ताओ म्हणजे माणूस आणि पो हा आदराचा शब्द, आपल्या 'अहो'सारखा. म्हणजे 'अहो, माणूस आलंय दाराशी.' मग आतून कुणीतरी पडदा सारून बघतं. ही हाक नीट मारायला शिक. मिशनरी कामातली माझी पहिली जोडीदार हाक मारली की दोन पावलं मागे सरायची आणि फाटकाकडे थोडी पाठ करून उभी राहायची, म्हणजे आतल्या बाईला पदर, केस, घर काय सावरायचं ते सावरता यावं. मी फाटकाला चिकटून आत डोकावत होते. तिनं काही न बोलता माझा दंड धरून मला मागे ओढलं. धर्माचं ज्ञान मला पुस्तकातून पुष्कळ मिळालं, पण दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहावं हे मी तिच्याकडून शिकले. दीड वर्ष तुझं मुख्य काम तेच आहे.

आत बोलावलं की पहिला शब्द ऐकशील, "काइन तायो." चला, जेवू या. ताटात भात आणि एकच सुका मासा असला तरी म्हणतील. आपल्याकडच्या 'या जेवायला'सारखंच आहे ते, त्यामुळे कधी मनापासून आणि कधी रीत म्हणून, हे तुला अमेरिकन मुलींपेक्षा लवकर ओळखता येईल. म्हाताऱ्या माणसांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा, 'मानो पो' म्हणायचं. वाकून नमस्कार करत वाढलेल्या मुलीला ते जड जाणार नाही. कॉफी पुढे येईल तेव्हा मात्र अवघड होईल. आपण चहा-कॉफी घेत नाही हे इथे नातेवाइकांना सांगताना तुझी किती ओढाताण होते ते मी पाहिलंय. तिथे कारणं देत बसू नकोस. पाणी माग आणि ते पूर्ण पी.

भाषेचं एक गुपित सांगते. टागालोगमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत, कामी आणि तायो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून परदेशी मुलं महिनोन्‌महिने चुकतात. प्रार्थनेत 'तायो' म्हणतात, म्हणजे देवालाही आपल्याबरोबर गरजवंतांच्या रांगेत बसवतात. तुझी ही चूक होणार नाही, मराठीनं ते काम तुझ्यासाठी आधीच केलंय. पण बोलण्यातलं 'आम्ही' सांभाळ. "आम्ही मानतो, आम्ही सांगतो" असं सलग बोलत गेलीस की समोरची बाई हळूहळू मागे सरकते. तिच्या मुलाच्या तापाबद्दल, गळक्या पत्र्याबद्दल बोलताना 'तायो' आपोआप तोंडात आलं पाहिजे, आणि ते यायला भाषेच्या वर्गापेक्षा तिच्याबरोबर बसून भाजी निवडणं जास्त उपयोगी पडतं.

आता तुझ्या आजीचा शब्द. 'पोर बाटली' म्हणाल्या ना त्या? माझ्या आत्यानंही तोच शब्द वापरला होता. त्यावर भांडू नकोस, पण विसरूही नकोस, कारण तिथे तू कुणाच्या तरी आजीसमोर बसलेली असशील. नियम स्पष्ट आहेत. नवऱ्याची किंवा बायकोची संमती नसेल तर विवाहित माणसाचा बाप्तिस्मा होत नाही, मूल अल्पवयीन असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. नियम पाळशीलच. त्यापलीकडचं मी सांगते. घरात नुकताच मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, अशा माणसाला बाप्तिस्म्याची तारीख देण्याची घाई करू नकोस. चर्चकडून काही मिळेल अशी आशा कुणाच्या डोळ्यांत दिसली तर तिथेच थांबून ती खोडून काढ. माझ्या हातून एकदा अशी घाई झाली. ती बाई पाण्यात उतरली, चार रविवार आली आणि नंतर मला बघून दुकानाची खिडकी लावून घ्यायला लागली. चूक तिची नव्हती.

आणि आकडे मोजू नकोस. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी आपल्याच चर्चतर्फे मुंबईत उतरला, मग पुण्यात आला. अधिकाऱ्यांचा विरोध झाला, हाती लागले ते मूठभर लोक, आणि १८५६च्या सुमारास हिंदुस्थानातलं ते काम बंद पडलं. फिलिपिन्समध्ये काम सुरू झालं १९६१ साली, १९८४ साली मनिलात मंदिर उभं राहिलं आणि आज तिथे आठ लाखांहून जास्त सभासद आहेत. तो देश स्पेनच्या अमलात तीनशेहून जास्त वर्षं ख्रिस्ती होता, पुढे अमेरिकेमुळे इंग्रजीही आलं. जमीन निराळी होती. फिंडले पुण्यात कमी कष्टला असेल असं मला मुळीच वाटत नाही. लष्कर भागातून जाताना मला त्याची आठवण येते.

सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे जोडीदार. चोवीस तास एकत्र, एकाच खोलीत, आणि निवड तुझी नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात, पण सहा आठवडे फार मोठे असू शकतात. माझी तिसरी जोडीदार समार बेटावरची होती. ती जेवेनाशी झाली, रात्री झोपेना. मी ते भक्तीत कमी पडणं समजले आणि तिला जास्त वाचायला, जास्त प्रार्थना करायला सांगत राहिले. शेवटी तिला मुदतीआधी घरी पाठवायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या रात्री वीज आली तेव्हा तिनं इस्त्री काढली आणि पांढरा ब्लाउज इस्त्री करायला लागली. कॉलर, मग बाह्या, मग परत कॉलर. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं, कारण काय बोलावं ते सुचत नव्हतं. इस्त्रीचा तो सूं आवाज मला आजही ऐकू येतो. बाळ, तशी रात्र आली तर उठून बस. काही सुचलं नाही तरी चालेल, तिच्या हातातून इस्त्री घे.

आणि घरी परतायची वेळ तुझ्यावरच आली, चौथ्या महिन्यात किंवा चौदाव्या, तर सरळ ये. ताप, मनाचा आजार, काहीही असो. माझ्याकडे उतर हवं तर. मी एकही प्रश्न विचारणार नाही.

माझ्या वेळी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९पासून दर आठवड्याला बोलता येतं, व्हिडिओवरसुद्धा. आई "जेवलीस का" विचारेल तेव्हा 'हो' म्हणून पुढच्या गोष्टीवर जाऊ नकोस. काय जेवलीस, कुणी वाढलं, भात कसा होता, सगळं सांग. ती ज्या देवापुढे तुझ्यासाठी दिवा लावते तो तुझा देव राहिला नाही, हे तिनं गिळलंय. तिला निदान जेवणाचा तपशील मिळू दे.

सामानात बूट दोन जोड घे, शिवण भक्कम असलेले, कारण पावसात एक जोड वाळायला तीन दिवस लागतात. छत्री तिथेच घे. गोडा मसाला थोडाच ने, संपला की जास्त आठवण येते.

रविवारी सभेनंतर आईला घेऊन घरी ये. तिला सांग, जेवायलाच या.

तुझी,
मावशी