जर्सीचे पैसे नेमके कुणाच्या खिशात?

एखाद्या संघाची जर्सी विकली गेली की पैसे कुणाला मिळतात, हा प्रश्न बरोबर विचारलात, सुरुवातीला सगळे इथेच अडखळतात. ज्या संघाची जर्सी घेतली त्यालाच पैसे मिळतात, हा समज आधी डोक्यातून काढा. सध्या फक्त अमेरिकेची एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) घ्या, बाकीच्या लीग नंतर.

नेहमीची चूक म्हणजे दुकानातल्या किमतीवर हिशोब मांडणं. रॉयल्टी, म्हणजे संघाचं नाव-चिन्ह वापरण्याबद्दल माल बनवणारी कंपनी देते ती रक्कम, साधारणपणे घाऊक भावावर बसते. समजा जर्सी 100 डॉलरची, घाऊक भाव 50, रॉयल्टी 12 टक्के (आकडे गणितापुरतेच हं). आले 6 डॉलर. ते 32 संघांत सारखे वाटले की प्रत्येकाला जेमतेम 19 सेंट! ग्रीन बेसारख्या छोट्या शहराच्या संघाला जेवढे, तेवढेच न्यूयॉर्कवाल्यांना.

आता एवढंच लक्षात ठेवा:

- डॅलस काउबॉइज हा संघ या सारख्या वाटणीला अपवाद. आपल्या मालाचं वितरण ते स्वतः करतात. मालक जेरी जोन्स यांनी 1995 मध्ये नाइकी आणि पेप्सीशी परस्पर करार केले, लीगशी कोर्टकचेरी झाली, पुढच्या वर्षी तडजोड. हा किस्सा जरूर वाचा, अख्खी व्यवस्था त्यातून उलगडते.
- खेळाडूंचा वाटा वेगळा, तो त्यांच्या संघटनेच्या सामूहिक परवान्यातून (सगळ्या खेळाडूंची नावं वगैरे वापरायची एकत्रित परवानगी) येतो. संघाच्या हिश्श्यात मिसळू नका.
- दुकानाचा नफा म्हणजे रॉयल्टी नव्हे. स्टेडियममधलं दुकान संघाचं असेल तर विक्रीतला नफा त्याचाच.

मक्तेदारीविरोधी खटल्यांत इतक्यात शिरू नका. मी शिरलो होतो, महिनाभर गोंधळलो. आधी कागदावर एका टोपीचा हिशोब मांडून बघा.