मायनर वर्क्स की ईआयसी? इंग्लंडमध्ये घरच्या वायरिंगला कोणता कागद लागतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातला वायरमनचा परवाना हातात आहे, पत्नीच्या नोकरीमुळे लेस्टरला येताय, तिथे घरगुती कामं घ्यायची आहेत, आणि चालू सर्किटवर एखादा पॉइंट वाढवला तर सर्टिफिकेट कोणतं द्यायचं ते कळत नाहीये.

आपल्याकडे नवं मीटर घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला गेला की विषय मिटतो. पुढे घरात दहा पॉइंट वाढले तरी सहसा कोणी कागद मागत नाही. इंग्लंडमध्ये बीएस ७६७१ या वायरिंगच्या ब्रिटिश नियमावलीप्रमाणे एक सॉकेट वाढवलं तरी कागद द्यावा लागतो. त्यातही प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे ठेवायचे. पहिला, सर्टिफिकेट कोणतं? दुसरा, काउन्सिलच्या (तिथल्या पालिकेच्या) बिल्डिंग कंट्रोल खात्याला कळवायचं का? मायनर वर्क्सचा, म्हणजे छोट्या कामाचा, कागद दिला म्हणजे कळवायची गरज नाही, असं धरून चालणारे इथलेही बरेच फसतात.

पहिल्याचं उत्तर बोर्डाकडे बघून मिळतं. इथे बोर्डाला कन्झ्युमर युनिट म्हणतात. त्यात नवा एमसीबी (जादा लोडवर पडणारा स्विच) किंवा आरसीबीओ (गळतीवरही पडणारा एमसीबी) बसवून त्यावरून नवं सर्किट काढलं, किंवा अख्खा बोर्डच बदलला, तर इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, म्हणजे ईआयसी. त्याला तपासणीचं आणि टेस्टच्या आकड्यांचं शेड्यूल जोडावंच लागतं, नाहीतर तो कागद अपुरा. डिझाइन, उभारणी आणि टेस्टिंग या तिन्हींची जबाबदारी त्यात सहीनिशी घ्यायची असते. तिन्ही कामं एकट्यानेच केली असतील तर एका सहीचा फॉर्म चालतो. आहे त्याच सर्किटवर सॉकेट वाढवलं, दिवा वाढवला, स्विचची जागा हलवली, तर मायनर वर्क्स. एका सर्किटला एक फॉर्म. तीन सर्किटांना हात लावला तर तीन फॉर्म, किंवा सगळ्यांची मिळून एक ईआयसी. ती जास्त सुटसुटीत पडते. ईआयसीआर मात्र या कामाचा कागदच नव्हे. तो जुन्या वायरिंगच्या तब्येतीचा अहवाल. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराला तो साधारण पाच वर्षांनी लागतो. स्वतः केलेल्या कामावर ईआयसीआर देणं चूक आहे.

आता दुसरा प्रश्न. पार्ट पी हा घरातल्या वीजकामाबद्दलचा बिल्डिंग रेग्युलेशन्समधला नियम १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. २०१३ मध्ये इंग्लंडपुरता तो सैल झाला. आता कळवायचं ते तीनच बाबतींत: नवं सर्किट, बोर्ड बदलणं, आणि बाथरूममधल्या ठरावीक जागेत चालू सर्किटमध्ये भर किंवा बदल. ती जागा म्हणजे टब किंवा शॉवर-ट्रेच्या कडेपासून आडवं ०.६ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत. शॉवरचं तोंड त्याहून वर असेल तर तिथपर्यंत. ट्रे नसेल तर शॉवरच्या मध्यापासून १.२ मीटर धरा. म्हणून टबाच्या वर या हद्दीत एक जादा दिवा लावला तर कागद मायनर वर्क्स, पण कळवणं बंधनकारक. वेल्समध्ये स्वयंपाकघर आणि घराबाहेरची कामंही यादीत आहेत. स्कॉटलंडची पद्धतच निराळी.

एक नेहमीचं काम बघू: मिक्सरसाठी ओट्यावर एक डबल सॉकेट. घरात बहुधा रिंग असते: अडीच स्क्वेअर एमएमच्या केबलची दोन्ही टोकं एकाच ३२ अँपिअरच्या एमसीबीत. आपल्याला ही भानगड नवी, म्हणून इथे जरा थांबा. रिंग कुठे तुटली असली तरी सगळी सॉकेटं चालतात, कोणाला पत्ता लागत नाही, आणि अडीचच्या एकाच बाजूवर ३२ अँपिअरपर्यंतचा लोड येऊ शकतो. म्हणून मेन बंद करून बोर्डात रिंगची टोकं सोडवा आणि टोक ते टोक मोजा. फेज ०.६० ओहम, न्यूट्रल ०.६० आला तर अर्थ १.०० च्या आसपास यायला हवा, कारण इथल्या फ्लॅट केबलमध्ये अर्थची तार दीडची असते. मग एका टोकाची फेज दुसऱ्या टोकाच्या अर्थला आणि उरलेली फेज उरलेल्या अर्थला जोडून प्रत्येक सॉकेटवर मोजा: १.६० भागिले ४, म्हणजे ०.४० सगळीकडे. एखाद्या ठिकाणी आकडा ठळकपणे जास्त आला तर ते सॉकेट आधीच स्पर, म्हणजे रिंगमधून बाहेर काढलेली फांदी, आहे. रिंगवरच्या सॉकेटमधून फ्यूज नसलेल्या स्परवर एकच सिंगल किंवा डबल सॉकेट चालतं. त्या स्परमधून पुढे आणखी एक ओढू नका.

इन्सुलेशन ५०० व्होल्टवर, किमान १ मेगाओहम. बी-३२ एमसीबीला लूपची (दोष झाला की करंट ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिच्या रोधाची) कमाल मर्यादा १.३७ ओहम, थंड वायरवर मोजताना १.०९ च्या आत ठेवा. सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवी, आणि भिंतीत ५० मिमीपेक्षा उथळ पुरलेल्या केबललाही. इथेच काम फुगतं. जुन्या बोर्डात आरसीडी नाही, त्या मेकचा आरसीबीओ मिळत नाही, मग बोर्ड बदला. आणि मायनर वर्क्सचं काम ईआयसी अधिक कळवणं असं होतं. दर सांगण्याआधी बोर्डाचं झाकण उघडून बघा.

हात घालण्यापूर्वी अर्थिंगही तपासा. आपल्याकडे मीठ-कोळशाच्या खड्ड्याची सवय. इथे बहुतेक घरांना अर्थ वीजजोडणीसोबतच येतो. टीएन-सी-एस (पुरवठ्याच्या न्यूट्रलमधूनच अर्थ देण्याची पद्धत) असेल तर येणाऱ्या गॅस आणि पाण्याच्या धातूच्या पाइपला साधारण १० स्क्वेअर एमएमचं बाँडिंग, म्हणजे पाइप अर्थला जोडणारी तार, हवं. जुन्या घरात ६ किंवा ४ ची तार सापडते. ते सुधारल्याशिवाय वाढीव काम करता येत नाही. आधीपासूनचे इतर दोष दिसले तर फॉर्मवरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहा. उद्या वाद झाला तर तोच रकाना तुमच्या बाजूने बोलतो.

तुटलेली रिंग जोडता आली नाही म्हणून तिच्या दोन २० अँपिअरच्या रेडियल (एकाच टोकाने बोर्डाला जोडलेल्या लाइनी) केल्या, तर बोर्डात एक सर्किट वाढलं. म्हणजे ईआयसी आणि कळवणंही.

कळवायचं कसं? एनआयसीईआयसी, नॅपिट यांसारख्या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थेत नोंदणी असेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत त्यांच्यामार्फत. घरमालकाला बिल्डिंग रेग्युलेशन्सचा वेगळा दाखला मिळतो. नोंदणी नसेल तर काम सुरू करण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज, आणि त्याची फी. फी भरून छोटी कामं परवडत नाहीत. म्हणून आल्या आल्या स्वतंत्र कामं घेण्यापेक्षा नोंदणी असलेल्या कंत्राटदाराकडे लागा, आणि सिटी अँड गिल्ड्सचे वायरिंगच्या नियमांचा २३८२ आणि टेस्टिंगचा २३९१ हे कोर्स पूर्ण करा. घर विकताना खरेदीदाराचा वकील २००५ नंतरच्या कामांचे कागद मागतो. तेव्हा घरमालक तुम्हालाच फोन करणार, म्हणून प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवा.

रंगांची सवयही आत्तापासूनच मोडा. आपल्याकडे निळी म्हणजे तिसरी फेज, इथे निळी म्हणजे न्यूट्रल आणि तपकिरी म्हणजे फेज. जुन्या घरांत लाल फेज आणि काळी न्यूट्रल सापडेल. थ्री फेजच्या नव्या रंगांत तीच काळी फेज असते. स्विचकडून दिव्याकडे परत येणारी तार कित्येकदा निळीच असते. तिच्या दोन्ही टोकांना तपकिरी स्लीव्ह चढवल्याशिवाय प्लेट बंद करू नका.