वॉल्ट डिस्ने यांचा मृतदेह गोठवून डिस्नेलँडच्या खाली ठेवलाय, हे खरं आहे का?

नाही, ही निव्वळ अफवा आहे. डिस्ने १५ डिसेंबर १९६६ला फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांचं दहन झालं आणि अस्थी कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत आहेत.

पार्कमधली त्यांची खरी खूण मला कितीतरी जास्त भावते. मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या वर त्यांची छोटीशी खोली होती. काम चालू असताना ते तिथे मुक्कामाला असत. खिडकीतला दिवा त्यांच्या स्मरणार्थ आजही तेवत ठेवतात.

डिस्नेलँडची मूळ कल्पना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधली. डिस्नेंच्या मुली मेरी-गो-राउंडवर, आणि ते स्वतः बाकावर नुसते बसलेले! मोठ्यांनाही मुलांबरोबर खेळता यावं म्हणून त्यांनी अ‍ॅनाहाइममधल्या संत्र्यांच्या बागा घेतल्या आणि १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं. पैशांसाठी एबीसी वाहिनीशी टीव्ही मालिकेचा करार केला होता.