अपील कुठे करायचे, हे आधी ठरवा
तालुक्याच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात अशिलाचा दावा फेटाळला गेला, तर पहिले अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांच्या आत दाखल करावे लागते. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळला जात असला, तरी नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. पुराव्याची फेरतपासणी खऱ्या अर्थाने येथेच होते, म्हणून सारी मेहनत या पायरीवर घ्यावी. उच्च न्यायालयातील दुसरे अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. साक्षीदार खोटे बोलला, एवढ्याच तक्रारीवर (अशील कितीही हट्ट धरो) तेथे सहसा दाद लागत नाही. सांगली, साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतील प्रकरणांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे.